टकटक करणारी डिस्क आणि सासूबाईंची गाणी

सुदामानगर, इंदूर इथून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

'आमच्याकडे १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, सात-आठ वर्षं वापरातली. तीत मुलांचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन आहेत. आणि मुख्य म्हणजे २००८ च्या श्रावणात नणंदेच्या मंगळागौरीला सासूबाईंनी म्हटलेली गाणी आहेत, हँडीकॅमवर काढलेली. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. मागच्या महिन्यात डिस्क चालू असताना पुतण्याचा पाय वायरीत अडकला आणि ती सोफ्यावरून सतरंजीवर पडली. पंधरा दिवस ठीक चालली. आता कधी फोल्डर उघडतात, कधी लॅपटॉपच हँग होतो, मधूनच "टक" असा आवाज येऊन डिस्क गायब होते. काही फोटो वरून अर्धे दिसतात आणि खाली नुसता राखाडी पट्टा. विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? भाच्याने रात्रभर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून ठेवलं, चौदा तासांत सहा टक्के झालं. जेल रोडवर एका दुकानात म्हणाले, "फॉरमॅट मार देते हैं भिया, एकदम नई हो जाएगी." शेजारचे काका म्हणतात, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. कुणाचं ऐकू?'

ताई, हे वाचताना डिस्क लॅपटॉपला लावलेली असेल तर आधी ती काढा. नीट इजेक्ट होत असेल तर तशी, नाहीतर लॅपटॉप बंद करून. भाच्याला सांगा, आज रात्रीचा कार्यक्रम रद्द.

त्याच्यावर रागावू नका मात्र. मी त्याहून वाईट केलेलं आहे. माझी स्वतःची डिस्क अशीच अडखळायला लागली तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने चेकडिस्क (विंडोजमधलंच डिस्क तपासायचं साधन) चालवलं, तेही दुरुस्तीचा पर्याय लावून, आणि झोपायला गेलो. सकाळी माझ्या फोल्डरांच्या जागी 'फाउंड डॉट ०००' नावाचं एक गाठोडं होतं. आत शेकडो फाइली, नावं नुसतं 'फाइल' आणि पुढे आकडे, आणि प्रत्येकाच्या शेपटाला 'सीएचके'. वडिलांनी एका बोटाने टाइप केलेली आमच्या घराण्याची वंशावळ त्यातच कुठेतरी असणार. मला ती आजवर सापडलेली नाही. चेकडिस्कचा दोष नव्हता. डिस्कची वही नीटनेटकी करणं हे त्याचं काम, मग त्यासाठी चार पानं फाडावी लागली तरी चालतील. फाइली वाचवणं हे त्याचं काम नाहीच. शिवाय ते मरू घातलेल्या डिस्कवर लिहितं, आणि आपल्याला तिच्यावर आता एक अक्षरही लिहायचं नाहीये. फॉरमॅटच्या प्रश्नाला म्हणून कायम 'कॅन्सल'. दुकानदार म्हणाला ते खोटं नाही, डिस्क नवी झाल्यासारखी दिसेलही. पण ती रिकामी असेल, आणि आतली इजा तशीच.

आत काय झालंय ते एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप समजेल. डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात, तुमच्यासारख्या छोट्या डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या. त्यांच्यावरून एका दांडीच्या टोकाला बसवलेलं, वाचणारं-लिहिणारं हेड सरकत असतं. ते तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वरून तरंगतं. आपला एक केस पन्नास हजार नॅनोमीटरच्या वर जाड असतो, यावरून अंदाज करा. फिरत असताना डिस्क पडली म्हणजे हे हेड तबकडीवर आपटलं असण्याची शक्यता चांगलीच. सतरंजी होती म्हणून पंधरा दिवस मिळाले, फरशी असती तर कदाचित तेही नसते मिळाले. आता हेड अशक्त झालं असेल, तबकडीवर ओरखडे असतील, किंवा दोन्ही. न वाचता येणाऱ्या जागेवर आलं की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि विंडोज तोंडाकडे बघत बसतं. त्यालाच आपण हँग म्हणतो.

गंमत अशी, की 'उघडते का बघू तरी' म्हणून आपण जे करतो तेच सगळ्यांत महाग पडतं. मोठ्या चित्रांच्या रूपात फोल्डर उघडलं की छोटी चित्रं दाखवायला विंडोज आतला प्रत्येक फोटो वाचायला घेतं. मागून अँटीव्हायरसही येतो. तुम्ही बघताय एक फोल्डर आणि हेड मात्र शेकडो ठिकाणी धावतंय. धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली तर १ टीबीला तीन तासही लागत नाहीत. तुमची चौदा तासांत सहा टक्के. म्हणजे ते सॉफ्टवेअर रात्रभर बहुतेक वेळ एकाच दुखऱ्या जागेवर डोकं आपटत होतं.

तेव्हा असं धरून चला की या डिस्कचे मोजके तास उरलेत. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. ते कशावर खर्च करायचे एवढंच आपल्या हातात आहे, आणि हे डिस्क लावण्याआधी, कागद-पेन घेऊन ठरवायचं.

घराच्या कागदांचे मूळ कागद कपाटात आहेत ना? मग स्कॅन यादीच्या तळाला. मुलांचे फोटो मध्ये, कारण त्यातले बरेच दुसरीकडे सापडतील. गूगल फोटोजमध्ये बघा. १ जून २०२१ च्या आधी तिथे साधारण दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत, जागा मोजली जात नसे. तेव्हाच्या फोनमध्ये बॅकअप चालू राहिला असेल तर वर्षानुवर्षांचे फोटो तिथे मुकाट पडून असतील. आधी त्यासाठी सगळ्यांची जुनी जीमेल खाती उघडा. व्हॉट्सॲपवर मावशी-आत्यांना पाठवलेले फोटो बारीक झालेले असतात, पण अगदीच नसण्यापेक्षा बरे.

राहता राहिली गाणी. इथे मी तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर अडलो: हँडीकॅम. २००८ साली घरोघरचे हँडीकॅम तीन प्रकारचे होते: छोट्या मिनी डीव्ही कॅसेटचे, छोट्या डीव्हीडीचे, आणि आतच हार्ड डिस्क किंवा मेमरी असलेले. पहिल्या दोन्हींत मूळ चित्रीकरण वेगळ्या वस्तूवर असतं. डिस्कमधली गाणी ही नक्कल आहे, अस्सल माळ्यावर असू शकतं. आगपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, प्लास्टिकच्या डबीत, कुणाच्या तरी हस्ताक्षरात 'मंगळागौर' लिहिलेली. ती सापडली तर घाईने जुन्या कॅमेऱ्यात घालू नका. इतकी वर्षं बंद पडलेल्या कॅमेऱ्यात फीत अडकून चुरगळते. फायरवायर नावाच्या जुन्या डिजिटल जोडणीने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारे लग्नाचे व्हिडिओवाले अजून आहेत, त्यांच्याकडे न्या. तासाभराची कॅसेट सुमारे १३ जीबी होते. 'डीव्हीडीवर देतो' म्हणाले तर नको म्हणा, मूळ फाइलच मागा. डीव्हीडी करताना ती दाबून लहान करतात.

आणि नणंदबाईंना फोन करा. मंगळागौरीची सीडी विहिणीकडे न पाठवणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं शोधून झालं, तरी डिस्ककडे यावं लागलंच, तर पहिली खरेदी केबलची. हसू नका. मधूनच एखादाच 'टक' होऊन डिस्क गायब होणं याचा एक अर्थ असा, की तिची वीज क्षणभर तुटली आणि हेड झटक्यात आपल्या जागी जाऊन बसलं. या डिस्कला वेगळा प्लग नसतो. जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, नवा ३.० वाला ९००, आणि फिरायला सुरुवात करताना तिला सगळ्यांत जास्त लागतं. पुतण्याचा पाय ज्या वायरीत अडकला तिच्या टोकाचं ते रुंद, मधे खाच असलेलं कनेक्टर सैल झालं असेल तर अर्धा त्रास तिथलाच असेल. नवी केबल घ्या, लांबीला आखूड. हब नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. राखाडी पट्ट्यावरून मला वाटतं की तबकडीवरही इजा आहेच, नुसत्या केबलने भागणार नाही. पण वीज तुटत असेल तर पुढचं कुठलंच काम तडीला जायचं नाही.

नव्या केबलने एकदाच लावा आणि कान द्या. कपाटातल्या घड्याळासारखी तालात टक... टक... टक... सुरू झाली, किंवा घरघर-खरखर ऐकू आली, तर लगेच काढा. ते हेड तबकडीवरची खूण शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. तिथे घरचा उपाय संपला. तालात टकटक करणाऱ्या डिस्कवर सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला चालायला लावणं, आणि या बाबतीत मी भाच्याचं, काकांचं, कुणाचंच ऐकून घेणार नाही.

आवाज साधा, फिरल्याचा असेल आणि डिस्कचा आकार बरोबर दिसत असेल (विंडोज १ टीबीला ९३१ जीबी म्हणतं, ते ठीक आहे), तर भाच्याला कामाला लावा. त्याच्यासाठी पुढचं लिहितोय.

फाइली कॉपी-पेस्ट करायच्या नाहीत. आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यायची, जशीच्या तशी, एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये, आणि मग सगळी शोधाशोध त्या प्रतिमेवर करायची. प्रतिमेला कितीही वेळा चाळा, ती झिजत नाही. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. पेन ड्राइव्हवरून उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू करून 'ट्राय उबंटू' निवडलं की त्यात तो घालता येतो. तिथे पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, आधी एक जी जास्त. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखक कसरीने खाल्लेलं अक्षर आलं की तिथेच अडून बसत नाही. जागा सोडतो, समासात खूण करतो, पोथी पुरी करतो आणि मग खुणांवर परत येऊन भिंग लावतो. डीडीरेस्क्यू हेच करतो. वाचता येईल ते आधी भराभर उचलतो, दुखऱ्या जागा टाळतो आणि खुणा एका वेगळ्या मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो. वीज गेली, डिस्क गायब झाली, तुम्हीच थांबवलं, काहीही होवो, तीच मॅप फाइल देऊन पुन्हा सुरू केलं की तो जिथे होता तिथून पुढे जातो. ही मॅप फाइल विसरलास तर सगळं पहिल्यापासून, एवढं लक्षात ठेव बाबा.

पहिल्या फेरीला दुखऱ्या जागा खरवडू नको असं सांगणारा पर्याय लावायचा. त्या फेरीत जे हाती येतं तेच बहुतेक सगळं असतं. मग ते सुरक्षित झाल्यावर, डिस्क अजून धड असेल तर दुसऱ्या फेरीत दोन-तीनदा प्रयत्न करू द्यायचा.

नवी डिस्क २ टीबीची घ्यायची. १ टीबीची चालत नाही, कारण १ टीबीची प्रतिमा तेवढ्याच डिस्कच्या फॉरमॅटमध्ये जेमतेम बसत नाही, आणि प्रतिमेतून काढलेल्या फाइलींनाही जागा लागते. तिचा फॉरमॅट एनटीएफएस असू दे. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइलच मावत नाही. आणि सुरू करण्याआधी कुठली डिस्क आजारी आणि कुठली नवी हे आकारावरून दोनदा तपास. उबंटूत त्यांची नावं एका अक्षराने वेगळी असतात, आणि मधे डिस्क गायब होऊन परत आली तर तिचं अक्षर बदललेलं असू शकतं. एका सद्गृहस्थांनी रिकाम्या डिस्कची सुंदर प्रतिमा आजारी डिस्कवर उतरवलेली मी पाहिली आहे. त्यावर कुणाकडेच उपाय नाही. थेट डिस्कवर न उतरवता फाइलमध्ये उतरवायला सांगतोय ते यासाठीच.

लॅपटॉप चार्जरला लावलेला, झोपेची सेटिंग बंद, डिस्क टेबलावर सपाट, समोर टेबल फॅन. माळव्याच्या रात्री थंड म्हणून एके काळी प्रसिद्ध होत्या, आता मे महिन्यात त्यांच्यावर विसंबू नका. डिस्क हाताला चटका देण्याइतकी तापली तर थांबवा, निवू द्या, पुन्हा सुरू करा. तीन तासांचं काम तीन दिवस चाललं तरी हरकत नाही. आकडा पुढे सरकतोय ना, मग हात लावू नका.

प्रतिमा झाली की ती डीएमडीई किंवा टेस्टडिस्क या फाइली शोधून काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. डीएमडीईची फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फाइली काढू देते, घरच्या कामाला पुष्कळ. फोल्डरांची नावं शाबूत असतील तर नशीब. नसतील तर फोटोरेक आहे. तो नावं बघतच नाही, फोटोची सुरुवात कशी असते ते ओळखून जे सापडेल ते उचलतो, आणि प्रत्येकाला एफ आणि पुढे आकडे अशी नावं देतो. मग मुंजीतले, बारशातले, पचमढीच्या सहलीतले असे हजारो फोटो हाताने लावत बसायचं. ते काम दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून करा.

शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगा आणि फ्रीजर आइस्क्रीमसाठी राहू द्या. गार झालेली डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं, आणि इतक्या बारीक फटीत पाण्याचा सूक्ष्म थेंबही पुरेसा असतो. तांदळाच्या डब्यात ठेवणं, हळूच आपटणं, हेही त्याच घराण्यातलं. भाचा यूट्यूबवर बघून खोकं उघडायला आणि आतली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायला निघेल. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या मुख्य सर्किट पट्टीवरच असतं, लावायला दुसरी जागाच नसते. काहींत माहिती गुप्त लिपीत लिहिलेली असते, पासवर्ड न ठेवताही. आणि तबकडीचं झाकण तर घरी उघडायचंच नाही.

आता प्रयोगशाळा. तालात टकटक असेल, किंवा डीडीरेस्क्यू पहिल्या काही मिनिटांतच नुसत्या चुका मोजायला लागला, तर तिथे जाण्यावाचून इलाज नाही. कॅसेट आणि डीव्हीडी दोन्ही सापडल्या नाहीत तर मी, खरं सांगतो, घरचा प्रयोग न करता थेट तिकडेच जाईन. मुलांच्या फोटोंवर हात साफ करून बघायला मी तयार होईन, गेलेल्या माणसाच्या आवाजावर नाही. हेड बदलायचं असेल तर अगदी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क लागते आणि धूळमुक्त जागा लागते, म्हणून खर्च सहज पाच आकड्यांत जाऊ शकतो. आधी लेखी विचारा: काही निघालं नाही तर काय घेणार? दुसऱ्या डिस्कचे पैसे वेगळे का? मला न विचारता उघडणार नाही ना? पैसे देण्याआधी निघालेल्या फाइलींची यादी दाखवणार का? या चार प्रश्नांना जो वैतागतो त्याच्या दुकानातून डिस्क उचलून घरी या. आणि आधी कुणी उघडलेली डिस्क घ्यायला चांगल्या प्रयोगशाळा कुरकुर करतात, म्हणून पहिली जागाच नीट निवडा. जाताना डिस्कच्या मागचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून बघा. काही डिस्कबरोबर ठरावीक वर्षांची रिकव्हरी सेवा मिळालेली असते आणि ती कुणाच्या लक्षात नसते. सात-आठ वर्षांत तुमची मुदत बहुधा उलटली असेल. साध्या वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतलं काही परत मिळत नाही.

तर आत्ता, माळा आणि नणंदबाईंचा फोन. मग केबल. नव्या केबलने डिस्क लावाल त्या वेळी मोबाइल तिच्याजवळ धरून आवाज रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. पहिली दहा-पंधरा सेकंदं पुरेत. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि पुतण्याला दुसऱ्या खोलीत.